मुलांचा कान पाहायला शिकवणार कोण?

लहान मुलाचा दुखरा कान, वाहतं नाक किंवा सुजलेला घसा सगळ्यात आधी पाहणारा डॉक्टर बहुधा कान-नाक-घसा तज्ज्ञ नसतो. तो फॅमिली डॉक्टर असतो, बालरोगतज्ज्ञ असतो, नाहीतर रात्रपाळीवरचा नुकताच पास झालेला डॉक्टर असतो. औषध द्यायचं की दोन दिवस थांबायचं, तज्ज्ञाकडे पाठवायचं की धीर देऊन घरी, हे तोच ठरवतो. या आजारांवरची सीएमई, म्हणजे डॉक्टरांचं निरंतर शिक्षण, मात्र बऱ्याचदा तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी भरवलेलं असतं. कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे कानात बसवायच्या श्रवणयंत्राची, शस्त्रक्रिया, श्वासनलिकेची पुनर्रचना, दुर्बिणीतून केलेलं सायनसचं ऑपरेशन असे एकाहून एक सरस व्हिडिओ दाखवले जातात. ही कामं करणाऱ्यांनी ते जरूर पाहावेत. पण सभागृहात मागच्या रांगेत बसलेल्या फॅमिली डॉक्टरला दुसऱ्या दिवशी सकाळी जे मूल तपासायचं असतं, त्याच्याबद्दल तिथे फार थोडं बोललं जातं.

माझं म्हणणं सरळ आहे. मुलांच्या कान-नाक-घशाच्या आजारांचं निरंतर शिक्षण या पहिल्या डॉक्टरच्या हाताला आणि नजरेला वळण लावणारं हवं. आणि त्याचे क्रेडिट पॉइंट, म्हणजे या शिक्षणासाठी डॉक्टरांना मिळणारे गुण, खुर्चीत काढलेल्या तासांवर न देता, डॉक्टरला प्रत्यक्ष काय जमतं ते बघून द्यायला हवेत.

कानाचंच उदाहरण घेऊ, कारण मुलांना अँटिबायोटिक लिहून देण्याच्या सगळ्यात मोठ्या कारणांपैकी ते एक आहे. लहान मुलाची घशापासून मधल्या कानापर्यंत जाणारी युस्टेशियन नळी मोठ्या माणसाच्या मानाने आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी झाली की नळी सुजते, मधल्या कानातली हवा शोषली जाते, तिथे पाणी साचतं आणि जंतूंना वाट मोकळी होते. बहुतेक मुलांना तीन वर्षांची होईपर्यंत एकदा तरी मधल्या कानाचा संसर्ग होऊन जातो. म्हणजे हा आजार दुर्मीळ नाही आणि ओळखायला अवघड असं त्याचं नावही नाही. अवघड आहे ते पडदा नीट पाहणं.

रडणाऱ्या दीड वर्षाच्या मुलाचा कान पाहून बघा. आईने किंवा वडिलांनी मुलाला मांडीवर आडवं बसवायचं, एका हाताने त्याचे दोन्ही हात धरायचे, दुसऱ्या हाताने डोकं आपल्या छातीशी टेकवायचं, पाय स्वतःच्या गुडघ्यांमध्ये अडकवायचे. डॉक्टरने ओटोस्कोप, म्हणजे कान पाहायचं दिव्याचं साधन, धरलेल्या हाताची करंगळी मुलाच्या गालावर टेकवायची, म्हणजे मुलाने मान हलवली तर हातही सोबत हलतो आणि कानाला इजा होत नाही. तान्ह्या बाळाची कानाची पाळी मागे आणि खाली ओढायची, थोड्या मोठ्या मुलाची मागे आणि वर. मध्ये मळ असेल तर तो आधी काढायचा. एवढं झाल्यावर पडदा दिसतो, आणि तोही काही क्षणच. त्या क्षणांत चार गोष्टी टिपायच्या असतात: पडदा फुगलाय की आत ओढला गेलाय, रंग कसा आहे, पारदर्शक आहे की धुरकट, आणि हवेचा हलका दाब दिल्यावर हलतो का. शेवटच्या गोष्टीसाठी ओटोस्कोपला छोटा रबरी फुगा जोडावा लागतो. साधन अत्यंत साधं आहे, तरी पुष्कळ डॉक्टरांच्या ओटोस्कोपला तो फुगा कधी लागलेलाच नसतो.

हे व्याख्यान ऐकून येत नाही. पोहण्यावरचं भाषण ऐकून पाण्यात उतरणाऱ्याचं जे होईल, तेच इथे होतं. आणि त्याची किंमत मूल मोजतं. रडल्यामुळे किंवा तापामुळेही पडदा लाल दिसतो. लाली दिसली की ‘इन्फेक्शन’ म्हणून अँटिबायोटिक सुरू होतं. अमेरिकन बालरोग अकादमीच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की मधल्या कानात पाणी असल्याचा पुरावा नसेल तर तीव्र संसर्गाचं निदान करू नये. निदानासाठी त्यांनी सगळ्यात जास्त भर दिलाय तो पडद्याच्या फुगीरपणावर. दोन वर्षांवरच्या मुलाला ताप फार नसेल, दुखणं सौम्य असेल, तर वेदनाशामक देऊन 48 ते 72 तास वाट पाहण्याची मुभाही त्यात आहे, अट एवढीच की मुलावर लक्ष राहील आणि बरं वाटलं नाही तर औषध लगेच सुरू करता येईल. ही सूचना जुनी झाली, सगळ्यांनी ऐकलेली आहे. पण जो डॉक्टर पडदा खात्रीने पाहू शकत नाही, तो वाट कशाच्या भरवशावर पाहील? औषध लिहून देणं हाच त्याला सुरक्षित मार्ग वाटणार. अँटिबायोटिकच्या अतिवापरावर कितीही भाषणं झाली तरी तो पुरेसा कमी होत नाही, त्यामागे हे एक मोठं कारण आहे असं मला वाटतं.

याची दुसरी बाजू अधिक शांतपणे नुकसान करते. पडद्यामागे पाणी आहे, पण दुखत नाही, ताप नाही. मूल टीव्हीचा आवाज वाढवतं, हाक मारली तर ओ देत नाही, वर्गात शेवटच्या बाकावर हरवून बसतं. शिक्षक म्हणतात लक्ष नाही, घरचे म्हणतात हट्टी झालाय. हा ग्लू इअर. यात ऐकू येणं साधारण 25 ते 30 डेसिबलने कमी होतं, म्हणजे कानात बोटं घालून जग ऐकावं तसं. सर्दीनंतर साचलेलं असं पाणी बहुतेक मुलांत तीन महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून लगेच ऑपरेशनची घाई नको. अँटिबायोटिक, अँटिहिस्टामिन (अ‍ॅलर्जीवरची औषधं) किंवा नाक मोकळं करणाऱ्या औषधांचा त्यात टिकाऊ उपयोग होत नाही, त्यामुळे तीही नकोत. मात्र तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचं, ऐकण्याची चाचणी करायची, आणि गरज असेल तर पडद्यात ग्रोमेट, म्हणजे हवा आत जाऊ देणारी बारीक नळी, बसवायची. ‘पुन्हा पाहायचं’ हे इथलं खरं उपचाराचं वाक्य आहे, आणि तेच सगळ्यात जास्त वेळा राहून जातं.

टॉन्सिलचा इतिहास तर प्रत्येक सीएमईच्या पहिल्या स्लाइडवर असायला हवा. 1934 साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या शाळांतल्या अकरा वर्षांच्या 1,000 मुलांची पाहणी झाली. 611 मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या 389 मुलांना डॉक्टरांनी तपासलं आणि 174 जणांना ऑपरेशन सुचवलं. ‘गरज नाही’ म्हणून सोडलेल्या 215 मुलांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं, तर त्यांनी 99 जणांना ऑपरेशन सुचवलं. मग उरलेले 116 तिसऱ्यांदा तपासले, त्यातल्या 51 जणांवर बोट ठेवलं गेलं. शेवटी 65 मुलंच अशी राहिली की ज्यांना कुणीच ऑपरेशन सांगितलं नव्हतं. दर फेरीत साधारण 45 टक्के! आजार मुलांच्या घशात जेवढा होता, त्याहून जास्त पाहणाऱ्याच्या सवयीत होता.

नंतर निकष आले. वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा घसा दुखला असेल, आणि प्रत्येक वेळी ताप, गळ्यातल्या गाठी, पू किंवा स्ट्रेप्टोकॉकस या जंतूची पॉझिटिव्ह चाचणी यांपैकी काहीतरी नोंदलेलं असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ जॅक पॅरडाइज यांच्या 1984 च्या अभ्यासातून आलेले हे निकष आज जगभर वापरले जातात. पण त्यांना अर्थ कधी येतो? प्रत्येक वेळेची नोंद पहिल्या डॉक्टरने केलेली असेल तेव्हा. ‘वारंवार घसा धरतो’ एवढ्यावर निकष लागू करता येत नाही. म्हणजे ऑपरेशन करणाऱ्या तज्ज्ञाचा निर्णयही फॅमिली डॉक्टरच्या वहीवर उभा आहे.

घोरणाऱ्या मुलांचा प्रश्न तर आणखी बारीक आहे. झोपेत श्वास अडणाऱ्या 5 ते 9 वर्षांच्या 464 मुलांवर अमेरिकेत झालेली मोठी चाचणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूची गाठ) काढलेल्या मुलांपैकी 79 टक्क्यांच्या झोपेच्या नोंदी सात महिन्यांनी सामान्य झाल्या. ज्यांनी नुसती वाट पाहिली त्यांच्यातही 46 टक्क्यांच्या झाल्या. लक्ष लागण्याच्या मुख्य चाचणीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. वागणूक, लक्षणं आणि जगण्याचा दर्जा मात्र शस्त्रक्रियेनंतर अधिक सुधारला. यावरून ‘सगळ्यांचे काढा’ असंही म्हणता येत नाही आणि ‘काढूच नका’ असंही नाही. झोपेत रक्तातला ऑक्सिजन बराच वेळ खाली जाणारी मुलं या चाचणीत घेतलीच नव्हती, तेव्हा तिचा निष्कर्ष त्यांना लावता येत नाही. असा निकाल एका स्लाइडवर मावत नाही. चार खऱ्या मुलांची माहिती समोर ठेवून, ‘याचं तुम्ही काय कराल?’ असं विचारून, वाद घालतच तो पचवावा लागतो.

व्याख्यानांबद्दल मी जे म्हणतोय ते माझं मत म्हणून सोडून देण्यासारखं नाही. डेव्ह डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात 14 नियंत्रित चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. प्रश्न एकच होता: परिषदा, कार्यशाळा, व्याख्यानं यांनी डॉक्टरचं वागणं बदलतं का? नुसत्या व्याख्यानांनी म्हणावा असा बदल दिसला नाही. ज्यात डॉक्टरांनी स्वतः काही करून पाहिलं, चर्चा केली, सराव केला, तिथे दिसला. डेव्हिस यांच्याच 2006 च्या आढाव्यात आणखी अस्वस्थ करणारी गोष्ट आली. स्वतःला किती येतं याचा डॉक्टरांचा अंदाज बहुतेक तुलनांमध्ये प्रत्यक्ष मोजमापाशी जुळत नव्हता, आणि काही अभ्यासांत हा अंदाज सगळ्यात जास्त चुकला तो कौशल्य सगळ्यात कमी असलेल्यांचा आणि आत्मविश्वास सगळ्यात जास्त असलेल्यांचा. मग कोणता कोर्स करायचा हे ज्याचं त्याने आवडीने निवडायचं, ही पद्धत कशी चालेल? ज्याला कान पाहता येत नाही, त्याला आपल्याला ते येतं असंच वाटत असण्याची शक्यता आहे. तो त्या कार्यशाळेकडे फिरकणारच नाही.

काही आजार असे आहेत की ज्यांच्यासाठी आयुष्यात एखादीच वेळ येते आणि ती चुकून चालत नाही. बटन बॅटरी हे त्यातलं सगळ्यात भीषण उदाहरण. रिमोट, खेळणी, वजनकाटे, वाढदिवसाची गाणारी कार्डं, सगळीकडे ती असते. 20 मिलिमीटर व्यासाची, तीन व्होल्टची लिथियम बॅटरी लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकली की तिथल्या ओल्या अस्तरातून विद्युतप्रवाह सुरू होतो, ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. एक्स-रेमध्ये ती नाण्यासारखी दिसते. नीट पाहिलं तर कडेला दुहेरी वलय दिसतं. ते वलय ज्याने कधी पाहिलेलं नाही, तो ‘नाणं आहे, सकाळी काढू’ म्हणेल, आणि सकाळपर्यंत भोक पडलेलं असेल. 2018 नंतर मार्गदर्शनात भर पडली ती अशी: मूल एक वर्षावरचं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर रुग्णालयात नेता नेता दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, पण त्यासाठी एक मिनिटही थांबू नये. वीस वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्या डॉक्टरला हे कॉलेजात कुणी शिकवलेलं असणं शक्य नाही. निरंतर शिक्षणाची गरज काय, असं विचारणाऱ्याला मी हे उदाहरण देतो.

नाकातली बॅटरीही तितकीच घातक. काही तासांत नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडू शकतं, आणि अशा नाकात थेंब टाकले तर जळणं वाढतंच. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर ‘सर्दी’ म्हणून औषध न देता आत काहीतरी अडकलंय असं धरूनच पाहायचं, हा धडा जुना आहे. बॅटरीमुळे त्याला घड्याळाचा काटा लागला.

एपिग्लॉटायटिसचं, म्हणजे श्वासनलिकेच्या तोंडावरचं झाकण सुजून श्वास अडवणाऱ्या आजाराचं, उलटं झालं आहे. तो आणणाऱ्या हिब या जंतूविरुद्धच्या लसीमुळे तो इतका कमी झाला की जिथे लसीकरण चांगलं आहे तिथल्या तरुण डॉक्टरांच्या आख्ख्या पिढीने तो पाहिलेलाच नाही. पुढे वाकून बसलेलं, लाळ गळणारं, तापाने फणफणलेलं मूल समोर आलं की घसा पाहण्यासाठी जीभ दाबायची नाही, मुलाला आडवं करायचं नाही, रडवायचं नाही, भूलतज्ज्ञाला बोलवायचं. ही हालचाल अनुभवातून शिकायला मिळणार नसेल, तर पुतळ्यावर, बनवलेल्या प्रसंगावर तिचा सराव व्हायला हवा. वैमानिक इंजिन बंद पडण्याचा सराव करतात तो इंजिन रोज बंद पडतं म्हणून नव्हे.

शिकण्याइतकंच सोडून देणंही शिकवावं लागतं. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलांना कोडीन हे वेदनाशामक देण्याची पद्धत वर्षानुवर्षं होती. काही मुलांच्या शरीरात जनुकीय कारणाने त्याचं मॉर्फिन फार वेगाने बनतं, आणि श्वास मंदावून मृत्यू झाल्याच्या घटना समोर आल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये या वापराविरुद्ध सर्वांत कडक इशारा दिला आणि 2017 मध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी कोडीन निषिद्ध ठरवलं. हाताला बसलेलं औषध हातातून काढून टाकणं नवं औषध शिकण्यापेक्षा कठीण असतं, आणि त्यासाठी कुठल्याही कंपनीचा प्रायोजक मिळत नाही.

प्रायोजकांचा मुद्दा निघालाच आहे तर बोलून टाकतो. सभागृह, जेवण, बॅगा यांचा खर्च औषध कंपनीकडून आला की विषयांची यादी हळूहळू त्यांच्या बाजूला झुकते. नवं अँटिबायोटिक, नवा नाकाचा फवारा यांच्यावर भाषण सहज मिळतं. ‘अँटिबायोटिक कधी लिहू नये’ याला कोण पैसे देणार? म्हणून या शिक्षणाचा खर्च नोंदणी परिषदा, व्यावसायिक संघटना, सरकारी आरोग्य खाती आणि थोडाफार डॉक्टरांनी स्वतः उचलावा. रबरी फुगा, ओटोस्कोप, कानाच्या काही प्रतिकृती आणि पडद्यांचे शे-दोनशे चांगले फोटो, एवढ्यात कार्यशाळा होते. तिला पंचतारांकित सभागृह लागत नाही.

‘डॉक्टरांना वेळ कुठे आहे?’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण दिवसाला साठ-सत्तर पेशंट पाहणाऱ्याचे हाल मला ठाऊक आहेत. पण आज तो रविवार घालवतोच आहे. तोच रविवार वेगळा वापरायचा आहे. दुसरा आक्षेप ज्येष्ठांकडून येतो: तीस वर्षं प्रॅक्टिस केल्यावर आमची परीक्षा घेणार? परीक्षा म्हटलं की अपमान वाटतो, हे समजू शकतो. म्हणून निकाल फक्त त्या डॉक्टरच्या हाती द्यावा. फोटोंची एक फेरी सुरुवातीला, एक शेवटी, एक सहा महिन्यांनी. किती पडदे बरोबर ओळखले ते त्याचं त्याला दिसेल. क्रेडिट तिसरी फेरी पूर्ण केल्यावर मिळेल, आणि पहिल्या फेरीत कमी पडला म्हणून कुणाचं काही जाणार नाही.

ऐकण्याच्या बाबतीत तर उशिराचा हिशेब महिन्यांत करावा लागतो. बाळाची श्रवण तपासणी एक महिन्याच्या आत, निदान तीन महिन्यांच्या आत, श्रवणयंत्र किंवा इतर मदत सहा महिन्यांच्या आत, असं आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालेलं वेळापत्रक आहे. जन्मजात सायटोमेगॅलोव्हायरसची, म्हणजे गर्भातच लागून बहिरेपणा आणू शकणाऱ्या विषाणूची, शंका असेल तर चाचणी पहिल्या तीन आठवड्यांतच करावी लागते, कारण त्यानंतर संसर्ग जन्माआधीचा की नंतरचा हे सांगता येत नाही. मेंदुज्वर होऊन गेलेल्या मुलाच्या आतल्या कानातला शंख काही आठवड्यांत हाडाने भरू लागू शकतो आणि मग इम्प्लांट बसवणं अवघड होतं, म्हणून त्याचं श्रवण घरी सोडण्याआधीच तपासलेलं बरं. आणि जन्माच्या वेळी चाचणी पास झालेल्या मुलाचंही ऐकणं पुढे कमी होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मुलांमधल्या बहिरेपणाची जवळजवळ 60 टक्के कारणं टाळता येण्यासारखी आहेत. असं असताना ‘मुलगा आहे, उशिरा बोलेल’ असा दिलासा अजूनही डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू येतो. आईने ‘याला ऐकू येत नाही असं वाटतं’ म्हटलं की वयाचा विचार न करता चाचणीला पाठवायचं, हा नियम पहिल्या डॉक्टरच्या अंगी बाणवणं हे एका अख्ख्या परिषदेपेक्षा मोलाचं काम होईल.

शेवटी एक अशी गोष्ट, जिला सभागृह, प्रायोजक, रविवार काहीच लागत नाही. फॅमिली डॉक्टरने पाठवलेलं मूल तज्ज्ञाने पाहिलं की त्याने परत दोन ओळी लिहाव्यात: पडदा फुगलेला नव्हता, मागे पाणी होतं, ऐकणं इतकं कमी आहे, तीन महिन्यांनी पुन्हा पाहतोय. शक्य असेल तर पडद्याचा फोटो जोडावा. आपण काय पाहिलं आणि तिथे खरंच काय होतं, हे त्याच मुलाच्या कानावर पडताळून पाहता आलं तर पाठवणारा डॉक्टर दर महिन्याला शिकत राहील. आज अशी पत्रं बहुधा पालकांच्या फाइलमध्येच राहतात. ती पाठवणाऱ्या डॉक्टरकडे पोचलीच पाहिजेत, असा नियम करावा, आणि लिहिणाऱ्या तज्ज्ञाला व वाचून आपली नोंद सुधारणाऱ्या डॉक्टरला, दोघांनाही त्याचे क्रेडिट पॉइंट द्यावेत.